देवीच्या डोहात बॅरिस्टरांचा गळ

आम्ही भाऊच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बॅरिस्टर सबनीस आधीच येऊन एका हमालाशी इंग्रजीत भांडत होते. भांडण एका लांबट चामडी पेटीवरून होते. ती आडवीच ठेवायची, तिच्यावर दुसरे सामान रचायचे नाही आणि कोणी बसायचे तर मुळीच नाही, असा त्यांचा आग्रह. हमालाला वाटले, आत सतार असावी. 'बुवांचं वाद्य आहे, सांभाळून,' असे इतरांना बजावत त्याने ती डोक्यावर घेतली, आणि बोटीवर चढेपर्यंत बॅरिस्टरांना गर्दीने अदबीने वाट करून दिली.

पेटीत मासे धरायच्या काठ्या होत्या. बॅरिस्टर विलायतेत कायदा शिकायला गेले आणि येताना हा छंद घेऊन आले. गळाला गांडूळ लावायचे नाही. पिसे आणि रेशमाचा धागा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर फेकायची, आणि मासा फसेपर्यंत फेकत राहायची, असा तो खेळ. त्यात सभ्य माणसाची परीक्षा होते, असे ते म्हणत. माशाचे काय होते याविषयी ते फारसे बोलत नसत.

आम्ही त्यांच्याबरोबर का निघालो होतो, ते आधी सांगते. माझे वडील सुधारक आहेत. मुलीच्या हातात पोह्यांची बशी देऊन तिला परक्यांपुढे बसवणे त्यांना रानटी वाटते. मुलामुलीने मोकळ्या हवेत एकमेकांना पाहावे आणि सोबतीला आत्या असावी, असे त्यांनी ठरवले. मोकळी हवा बॅरिस्टरांनी निवडली. कोकणातल्या नद्यांत मोठे मासे आहेत, असे त्यांना क्लबात कोणी सांगितले होते; आणि खेडच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावचे खोत (गावचा सारा गोळा करणारे वतनदार) बाबांचे जुने अशील होते. एकूण बेत असा, की एरवी मुलगी दाखवतात, इथे मुलगा मासे धरून दाखवणार आणि मी खडकावर बसून पाहणार. परत आल्यावर साखरपुडा. हलवायाला बाबांनी सांगूनही ठेवले होते.

मला हे लग्न नको होते. इंटर पास होऊन गेल्या जूनपासून मी घरी बसले होते आणि मला बी. ए. व्हायचे होते. इंटर हे बायकोला पुष्कळ झाले, आता ब्रिज शिकावे, असे बॅरिस्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले, आणि बाबांनी मान डोलावली. मला चारचौघांत बोलता यावे म्हणून बाबांनीच मला कॉन्व्हेंटमध्ये घातले होते. तिथे मी स्वच्छ इंग्रजी बोलायला शिकले. पण ज्याचे उत्तर आधीच ठरलेले नाही, असा प्रश्न आमच्या घरात मला कोणी विचारत नसे. न विचारलेल्या प्रश्नाला आपण होऊन उत्तर देणे मला कोणत्याच भाषेत जमत नाही.

बोट हलली आणि बॅरिस्टरांनी डेकवर मला माशांचे नियम समजावले. मासे दोन प्रकारचे. एक खेळाचे: अंगभर खवले असलेले, स्वच्छ वाहत्या पाण्यात राहणारे, गळाला लागल्यावर झुंज देणारे. दुसरे हलके: तळाच्या गाळात लोळणारे, मिशांचे, मिळेल ते खाणारे. पहिल्या प्रकारचा मासा मिळाला तर त्याच्यासह फोटो काढून क्लबाला पाठवायचा. दुसऱ्या प्रकारचा चुकून लागला तर हात ओले करून हळूच पाण्यात सोडून द्यायचा आणि त्याचा उल्लेख करायचा नाही.

"मिशीवाला मासा हा मासाच नव्हे," ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या मिशा फार निगुतीने राखलेल्या होत्या.

पुढे समुद्र जरा चढला आणि नियम अर्ध्यावर राहिले. बाबाही डोळे मिटून आडवे झाले. आत्या तेवढी ठणठणीत. तिने कठड्याशी वाकलेल्या बॅरिस्टरांच्या पाठीवरून हात फिरवला आणि "होऊ दे, जावईबापू, मोकळं होऊ दे," असे म्हणून त्यांना हुंगायला लिंबू दिले. बॅरिस्टरांना जावईबापू म्हटलेले मी त्या वेळी पहिल्यांदा ऐकले. समुद्राचा मला काही त्रास होत नव्हता, तो मग होऊ लागला.

दाभोळला बोट बंदराबाहेरच उभी राहते आणि उतारूंना पडावात (लहान होडीत) उड्या टाकाव्या लागतात. चामडी पेटी आमच्या आधी उतरली. तिथून मचव्याने (शिडाच्या होडीने) भरतीबरोबर खाडीत वर सरकायचे. दोन्ही काठांना हिरवी खारफुटीची झुडपे, त्यांच्यावर तांबडी डोंगरकूस, मधेच एखादी मशीद किंवा कौलारू घरांची रांग. पुढे जगबुडीच्या पाण्यात शिरल्यावर चिखलात एक मगर तोंड उघडे टाकून ऊन खात पडली होती. मचव्यावरच्या तांडेलाने ती बाबांना मोठ्या अभिमानाने दाखवली, जणू त्याच्या घरचीच. बॅरिस्टरांनी तिच्याविषयी मात्र कोणताच नियम सांगितला नाही.

खेडला रात्र काढून सकाळी बैलगाडीने निघालो. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिथल्या लोकांना पाहुण्यांची आता जरा धास्ती वाटते. खोतांनी ओटीवर सतरंजी घातली होती. घावन, नारळाचे दूध आणि वर गुळाचा खडा, असा पाहुणचार झाला. बॅरिस्टरांनी खोट्या माश्यांची डबी उघडून दाखवली. लाल, पिवळी, मोरपिशी पिसे होती. खोतीणबाईंना ती कानातली वाटली आणि त्यांनी माझ्याकडे पाहून संतोषाने मान हलवली. खोतांनी मात्र लगेच विचारले, हे लावायचे कुठल्या पाण्यात?

तेव्हा कळले की गावाजवळ मासे असे आहेत ते एकाच डोहात, आणि तो डोह ग्रामदेवीचा. गावकरीसुद्धा तिथे वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात पाणी आटल्यावर, सगळे मिळून जाळी टाकतात, आणि तेही कौल घेऊन. कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून गुरवाने तिला प्रश्न घालायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्याशिवाय त्या पाण्यात कोणी गरी (मासे धरायचा आकडा) बुडवीत नाही.

बॅरिस्टरांनी मोठ्या मनाने मान्यता दिली. विलायतेतही नदी कोणाच्या तरी मालकीची असते आणि तिथेही परवानगी काढावी लागते, असे ते म्हणाले. इथे मालक बाई आहे, एवढाच फरक.

संध्याकाळी देवळात गेलो. गुरवाचे नाव धोंडू. उंच, हाडकुळा, आणि प्रत्येक काम अर्ध्या श्रमात कसे होईल याचा विचार करणारा माणूस. आत्याने त्याला कोपऱ्यात गाठले आणि नारळ हातात देऊन हळू आवाजात सांगितले, की माशाचे विचारून झाल्यावर आमच्या मुलीचे आणि या मुलाचे जुळते का, तेही एकदा आईला विचारावे. धोंडूने नारळ कानाशी हलवून पाहिला.

"येकाच पावन्यांसाटी आईला दोनदा उटवू नये," तो म्हणाला. "येकातच घालतो."

आणि त्याने गाऱ्हाणे घातले. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे सर्वांच्या वतीने मोठ्याने केलेली मागणी. प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मी बॅरिस्टरांच्या शेजारी उभी होते, कारण विलायतेहून आल्यापासून ते इंग्रजीतच बोलत, ती बोली तर त्यांना समजतच नव्हती, आणि इंग्रजीत सांगायचे काम माझ्याकडे आले होते.

"आई, म्हाराजा! ही म्हमईची पावनी मंडळी तुज्या पायाशी आली हाय."

"व्हय म्हाराजा."

"ह्यो बालिस्टर तुज्या डोहात गरी टाकनार हाय. तू त्याला मासा दिलास, आनि तुजा मासा त्यानं घेतलान, तर ही बाय त्याच्या घरात जाऊ दे."

"व्हय म्हाराजा."

"तू दिलास नाय, नायतर त्यानं घेतलान नाय, तर ज्येनी त्येनी आपापल्या वाटेनं जावं. ह्ये तुला मानवत असल तर उजवा दे."

उजवी पाकळी पडली. आत्याने पदर डोळ्यांना लावला. मी सगळे शब्द जसेच्या तसे इंग्रजीत सांगितले, 'दिला' आणि 'घेतला' हे दोन्ही. बॅरिस्टर खूश झाले. आपण अंधश्रद्धा मानीत नाही, पण खेळाडू म्हणून अट मान्य आहे, असे म्हणून त्यांनी धोंडूशी हस्तांदोलन केले. बाबाही हसले. एवढ्या पिसांपुढे मासा येणार नाही, असे त्यांना वाटतच नव्हते. अशा रीतीने माझे सगळे पुढचे आयुष्य एका माशावर ठेवण्यात आले, आणि त्यात सर्वांत जास्त करमणूक सुधारकांची झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव डोहावर आले. जाड लोकरी कोट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि डोक्यावर माश्या खोचलेली टोपी, अशा वेषात बॅरिस्टर काठावर उभे राहिले. अशी काठी चालवताना दोरी आधी मागे जाते, मग पुढे. गावकऱ्यांना हे माहीत नव्हते आणि सावली नेमकी मागेच होती. पहिल्या फेकीत खोतांचे पागोटे उडाले. दुसरीत करंजाची फांदी सापडली. तिसरीत आत्याच्या पदराला गळ लागला, तरी ती हूं की चूं न करता बसून राहिली. जावयाला अपशकुन नको.

लोक फार सहकार्य करीत होते. धुणे घेऊन आलेल्या बायकांतली भागीरथी नावाची एक ठसठशीत बाई माझ्यापाशी येऊन म्हणाली, "बाय, आमी कापडं जरा खालती धुतंव. तुजा मासा बुजायला नको." मग जाता जाता दुसरीला म्हणाली, "ती बघ, माशावरची नवरी." त्या दिवसापासून गावात मला दुसरे नाव उरले नाही. एकाने ताजी कोलंबी आणून दिली, दुसऱ्याने गांडुळे खणून आणली. बॅरिस्टरांनी दोन्ही परत केली. लाच देऊन मासा धरायचा नसतो, असे त्यांनी माझ्याकडून सांगवले. गाव विचारात पडले. पिसांच्या माशीला काय म्हणायचे, असे कोणी विचारले नाही, कारण ते पाहुणे होते.

मला बसायला सपाट खडक दिला होता. तिथून डोह आरपार दिसे. काळ्या कातळाच्या कपारीतून खडशी (मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला मासा) संथपणे बाहेर येत, माशीखालून जात आणि परत आत वळत. बॅरिस्टर याच माशासाठी आले होते. बायका तांदूळ धूत त्या उथळ काठाला निराळीच मंडळी जमत. शिंगट्या (लांब मिशांचे, बिनखवल्यांचे मासे) तळाशी डोके खुपसून तांदळाचे कण वेचीत. त्यांना आमच्याकडे पाहायला वेळ नव्हता. ते पाहून मला उगाच बरे वाटे.

तो दिवस असाच गेला. तिसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत काही झाले नाही. बॅरिस्टरांचा कोट खांद्यावर पांढरा पडला होता. उन्हाने त्यांचा जीव कासावीस झाला आणि ते पाणी प्यायला वळले. काठी खडकाला टेकवलेली, दोरी सैल, आणि माशी वाहत वाहत तांदूळ धुण्याच्या काठाला जाऊन बुडाली. एवढ्यात काठी घसरू लागली.

त्यांनी झेप घेऊन ती धरली. पुढचा काही वेळ ते खरोखर छान दिसत होते. हे मी प्रामाणिकपणे लिहिते. टोपी पडली, नियम पडले, ते धापा टाकीत हसत होते. मासा खाली ओढत होता, ते मागे सरत होते, आणि दोन्ही काठांवरचे लोक टाचा उंचावून पाहत होते. मी खडकाची कड हातांनी घट्ट धरली होती. हलवायाचे दुकान माझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होते.

मासा वर आला. हातभर लांब, काळसर, चकचकीत, आणि दोन्ही बाजूंना लांब लोंबत्या मिशा. शिंगटी.

धोंडूने डोक्याचे फडके काढले आणि देवळाच्या दिशेने हात जोडले. आत्या रडू लागली. बाबांनी खोतांचा हात धरून हलवायला सुरुवात केली. बॅरिस्टर मात्र हातातल्या प्राण्याकडे पाहत उभे होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता. कॅमेरा खडकावर तयार ठेवलेला होता. त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिले आणि लगेच नजर वळवली. मग ते माझ्याकडे आले. सगळ्या गावात इंग्रजी समजणारी माणसे दोनच, आणि बाबा खोतांना मिठी मारण्यात गुंतले होते.

त्यांनी मला हळूच विचारले, याला काही मासा म्हणता येणार नाही, नाही का?

मी त्यांच्या खांद्यावरून धोंडूकडे पाहिले, आत्याकडे पाहिले. मग माशाकडे पाहिले. त्याचे तोंड उघडत मिटत होते.

"तुमच्या नियमाप्रमाणे, नाही," मी म्हणाले.

त्यांना सुटल्यासारखे झाले. त्यांनी हात ओले केले, गळ अलगद काढला, मासा पाण्यात नीट सरळ धरून ठेवला आणि तो सावध होताच सोडून दिला. हे काम त्यांनी फार हळुवारपणे केले. तेवढ्यापुरते ते मला आवडले. शिंगटी शेपटीच्या एका फटकाऱ्यात काळ्या पाण्यात गेली.

बाबांचा हात खोतांच्या हातातच राहिला. मग धोंडूने फडके परत डोक्याला गुंडाळले.

"आईनं दिलान," तो म्हणाला. "बालिस्टरानं नाय घेतलान. झाला कौल."

"मिशीवाल्याला मिशीवाला चालंना," भागीरथी म्हणाली आणि धुण्याची पाटी उचलून चालू लागली.

मी हेही बॅरिस्टरांना इंग्रजीत सांगितले, भागीरथीचे सोडून. प्रथम त्यांना कळेना. कळले तेव्हा त्यांनी मला नियम पुन्हा पहिल्यापासून समजावला आणि तो सर्वांना सांगायला लावला. मी सांगितला. गावाने शांतपणे ऐकून घेतला. खेळाच्या माशांविषयी एकदोघांनी अधिक चौकशीही केली. पण मासा डोहातलाच होता आणि डोह आईचा होता, याबद्दल कोणाला शंका नव्हती.

बाबांनी धोंडूला बाजूला घेऊन नवा कौल लावायला सांगितले. नारळ कितीही लागोत. धोंडूने नकार दिला. आई एकदा बोलली की बोलली, पुन्हा पुन्हा विचारले तर ती वैतागते. बाबा म्हणाले, हा सगळा अडाणीपणा आहे. तेव्हा आत्या उठली. दोन दिवस पदराला पडलेले भोक सांभाळत मुकाट बसलेली माझी आत्या बाबांसमोर उभी राहिली.

"अडाणीपणा तर अडाणीपणा," ती म्हणाली. "कौल मी मागितला होता. आईनं भरल्या हातानं दिलं आणि यानं तोंड वाकडं करून परत केलं. अशा घरात मी पोर देणार नाही. तुला द्यायची तर माझ्या पश्चात दे."

बॅरिस्टरांना जावईबापू म्हणायला तिनेच सुरुवात केली होती. त्या संध्याकाळी ते तिच्या तोंडी 'ते सबनीस' झाले.

बॅरिस्टर काळोख पडेपर्यंत डोहावर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी खोतांच्या गड्याने सांगितले की साहेबांनी गुपचूप गांडुळे मागवली होती. मासे गांडुळे खाऊन गेले.

परतीच्या बैलगाडीत बाबा समोर पाहत म्हणाले, "तू त्यांना सांगायचं होतंस."

"त्यांनी नियम विचारला, बाबा," मी म्हणाले. "मी नियम सांगितला."

बाबा वकील आहेत. त्यांनी या उत्तरात चूक शोधायचा प्रयत्न खेडपर्यंत केला असावा.

दाभोळला बोटीची वाट पाहत आम्ही बंदराजवळच्या खाणावळीत जेवायला बसलो. उकड्या तांदळाचा भात आणि तिरफळ (जिभेला झिणझिण्या आणणारे रानफळ) घातलेले लालभडक कालवण. बॅरिस्टर गावाहून निघाल्यापासून कोणाशी बोलले नव्हते. पण पहिला घास घेतल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी भात पुन्हा मागून घेतला, कालवण पुन्हा मागून घेतले, ताटाला बोट लावून चाटले. मग नाइलाजाने माझ्याकडे वळून विचारले, हे काय आहे?

खाणावळवालीच्या चुलीपाशी टोपलीतून मिशा लोंबत होत्या.

"मासा," मी म्हणाले.

आत्याने त्यांच्या ताटात आणखी एक तुकडी वाढायला सांगितली. आमच्यात कितीही बिघडले तरी पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत.

बोटीवर बॅरिस्टर वरच्या डेकवर गेले आणि आम्ही खाली राहिलो. चामडी पेटी हमालाने उभी ठेवली होती. तिच्यावर आता एक कोळीण बसली होती. दाभोळचा किनारा मागे पडला. प्रवासाने माणूस शहाणा होतो असे म्हणतात. मला एवढेच कळले, की मोठ्या माणसांचे नियम नीट लक्षात ठेवावेत आणि ते विचारतील तेव्हा त्यांना परत द्यावेत. तेवढ्याने पुष्कळ काम होते. देवीचे मात्र मी आभार मानायला विसरले. तिने तिच्याकडून मासा देऊन लग्नाला होकारच दिला होता. तो परत घ्यायचा तिचा विचार नसावा.

समुद्र शांत होता, तरी बाबा कठड्याला धरून उभे होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ते पाण्याकडे पाहत होते. मुंबईचे दिवे दिसू लागले.

"हलवायाला नको म्हणून सांगायला हवं," ते म्हणाले.

मी हो म्हणाले.

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, त्यांनी विचारले, "जूनमध्ये कॉलेजात नाव घालायचं, तर आता कोणाला भेटावं लागतं?"

याचे उत्तर मला माहीत होते. मी ते सांगू लागले.